नाना, धोंडूचं एकदा तरी भलं होऊ द्यायचंत

नाना, तुम्ही गेल्याचं धोंडूला कोणी कळवलं का, असं चौलच्या शांताक्कांनी भर बैठकीत माईंना विचारलं. तुम्ही गेल्यापासून माईंनी धड घास घेतला नव्हता की कोणाशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, हुंदका आला. मग कळलं, बाई हसतायत. मग मलाही आवरेना. समोर हार घातलेला तुमचा फोटो, उदबत्ती चालू, आणि तुमची बायको आणि तुमची सुलभा दोघी खिदळतायत! शांताक्का बिचाऱ्या बावरल्या. म्हणाल्या, "अगो, खरंच विचारत्ये. नानांनी त्याचं एवढं केलं जन्मभर. त्यानं यायला नको?" मी म्हटलं, "शांताक्का, तो परगावी असतो. येईल." दुसरं काय सांगणार होते?

आता तुमचंच तुम्हाला काय सांगायचं, पण धोंडूच्या जन्माची हकिकत तुम्ही दरवेळी तिखटमीठ लावून आणि चुकीची सांगायचात. मी तिथे होते, म्हणून एकदा नीट सांगते. मध्ये बोलू नका.

मी नुकतीच बी.कॉम. होऊन तुमच्याकडे लागले होते. मुरूडच्या एसटी स्टँडजवळ बेकरीच्या माडीवर आपलं ऑफिस, खाली पाव भाजल्याचा वास आणि वर 'कर सल्लागार' अशी पाटी. एक बोटवाला बायकोला घेऊन आला. नवीन इंजिन घ्यायचं, बँकेत कागद द्यायचे, सगळं ठरलेलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि सरळ विचारलंत, "आणि मासळी लागलीच नाही तर हप्ता कुठून भरणार?" झालं! ती बाई ताडकन उठली. "नाना, दर्यात नारळ सोडायच्या आदी असा अभद्र बोलायचा?" नवऱ्याच्या हाताला धरून ती जिना उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या उंबऱ्यावर मीठ आणि सुक्या मिरच्या पडलेल्या. आपलीच दृष्ट काढून गेली होती बया.

तुम्ही हसलात खरे, पण ते वरवरचं. तो माणूस दुसरीकडून कागद करून घेणार आणि डोळे मिटून उडी मारणार, हे तुम्हाला दिसत होतं. त्यानंतर जे गिऱ्हाईक आलं, त्याला तुम्ही काहीच विचारलं नाहीत. पानसुपारी पुढे केलीत आणि म्हणालात, "परवा असाच एक माझ्याकडे आला होता. धोंडू परगावकर म्हणून. काय सांगू त्याची दशा!" आणि तुम्ही त्या धोंडूच्या गळ्यात एकेक संकट अडकवत गेलात. समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकत होता. "अरेरे! मग काय केलं त्यानं?" "तूच सांग, काय करायला हवं होतं?" आणि तो सांगायला लागला की हो! थोडी रक्कम बाजूला ठेवायला हवी होती, सगळं एकाच धंद्यात घालायला नको होतं, बायकोला विचारायला हवं होतं. स्वतःचा सल्ला स्वतःच देऊन, वर तुम्हाला फी देऊन तो खूश होऊन गेला.

आणि मी? मी कपाटात धोंडू परगावकरची फाईल शोधत बसले होते. संध्याकाळपर्यंत शोधली. तुम्ही सांगितलं नाहीत! ऑफिस बंद करताना म्हणालात, "अगं वेडे, धोंडू नाहीच आहे. इथे माणसाला 'तुझं वाईट झालं तर' असं विचारायची सोय नाही. पण दुसऱ्याचं वाईट झालेलं ऐकायला कोण नाही म्हणतो?" मी रागानं विचारलं, "आणि नाव धोंडूच का?" तर म्हणे, ज्यांची मुलं जगत नाहीत ते नजर लागू नये म्हणून दगड-धोंड्याचं नाव ठेवतात. ह्याच्यावर आपण एवढं काय काय घालणार, तर नाव तेवढं टणक हवं. आडनाव परगावकर, कारण त्या आडनावाचं ह्या किनाऱ्यावर कोणी नाही, उगाच भांडण नको.

तेव्हापासून त्या माणसाला तुम्ही सुखानं जगू दिलं नाहीत. त्याची बोट फुटली. त्याच्या लॉजवर ऐन मे महिन्यात पाणी संपलं. त्यानं मुलीच्या लग्नात ऐपतीबाहेर जेवणावळी घातल्या आणि पुढे मुलाची फी भरायला त्याच्याकडे दमडी उरली नाही. त्याचा भागीदार रातोरात पळाला. त्यानं भावाला जामीन राहून स्वतःची सुपारीची वाडी अडकवली. विमा समजावून सांगायचा असला की तुम्ही त्याला सरळ मारूनच टाकायचात. त्याची बायको कशी उघड्यावर पडली, हे ऐकून हमीदभाईंच्या बेगमचे डोळे भरून आले होते. "अल्ला उसकू जन्नत दे," म्हणाल्या, आणि हमीदभाईंनी तिथल्या तिथे विमा उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं गिऱ्हाईक यायच्या आत धोंडू पुन्हा जिवंत, नवीन कर्ज काढायला तयार. मेला की उठायचा, मेला की उठायचा. नाना, तुम्हाला मात्र ते जमलं नाही. रविवारी दुपारी जेवून आडवे झालात ते झालातच.

असो. रडायचं नाही असं मी ठरवलंय, कारण माझं रडणं तुम्हाला बघवायचं नाही. म्हणायचात, "सुलभा, तुझं नाक लाल होतं आणि मग गिऱ्हाइकांना वाटतं, आपला टॅक्स फार आलाय."

वाचनालयाची गंमत आठवते? चौलच्या वाचनालयाचा हिशेब आपण तपासायचो. कार्यकारिणीला मुदतठेव मोडून इमारतीला रंग द्यायचा होता. तुम्ही त्यांना धोंडू ऐकवलात, की त्यानं हातातलं मोडून घराला रंग दिला आणि पावसात कौलं उडाली तेव्हा डोक्यावर प्लास्टिक धरून बसला. ठेव वाचली. पण पुढच्या वर्षी सभेचं इतिवृत्त वाचताना तुम्ही असे काही किंचाळलात की खालून बेकरीवाला वर आला. ठराव एकमतानं मंजूर झाला होता: 'गरजू ग्रामस्थ श्री. धोंडू परगावकर यांच्या घरावरील कौलांसाठी मदत देण्यात यावी.' तुम्ही शेऱ्यात लिहिलंत, 'लाभार्थी अस्तित्वात नाही.' त्यावर चिटणीस तणतणत आले. "अस्तित्वात नाही तर मग त्याला एवढा छळता कशाला?" तुम्ही निरुत्तर झालेले मी त्या एकदाच पाहिलेत. मला भारी आनंद झाला होता, आता सांगते.

पण माझ्या घरातही धोंडूचं ऋण आहे, ते कसं विसरू? मला आणि ह्यांना पनवेलला फ्लॅट घ्यायचा होता. ह्यांची रोह्याला कंपनीत नोकरी, पगार चांगला, बँक हसत कर्ज देत होती. मला वाटलं, मी तुमच्याच ऑफिसातली, मला काय तुम्ही धोंडू सांगणार? तुम्ही सांगितलात. ह्यांना बोलावून, पानसुपारी देऊन, अगदी साग्रसंगीत. धोंडूची कंपनी बंद पडली, धोंडू दर महिन्याच्या पाच तारखेला घरात लपून बसायला लागला. मी घरी जाऊन तुमच्या नावानं बोटं मोडली. फ्लॅट राहिला. पुढे ह्यांची कंपनी खरंच बंद पडली, तेव्हा आमच्याकडे हप्ता नव्हता आणि बाजूला ठेवलेले पैसे होते. त्यावर आम्ही तगलो, ह्यांनी नव्यानं सुरुवात केली. तुम्ही एका शब्दानं कधी म्हणाला नाहीत, "बघ, मी सांगत होतो." नाना, त्याबद्दल मी तुमचे आभार मानलेच नाहीत. मानणार होते, पण तुम्ही लगेच म्हणाला असतात, "आभार धोंडूचे मान," आणि मला पुन्हा राग आला असता.

म्हणूनच तुम्ही जायच्या आदल्या दिवशीचं, शनिवारचं आपलं भांडण माझ्या डोक्यातून जात नाही. कोळीवाड्यातल्या हिराबाई आपल्या बचत गटाच्या बायका घेऊन आल्या होत्या. बारा जणी. बोंबील, सोडे, जवळा वाळवून बाजारात टोपलीनं विकायच्या. आता त्यांना स्वच्छ वाळवून, पाकिटं करून मुंबईला पाठवायचं होतं. बंदराजवळची जुनी बर्फाची शेड मालक विकायला निघालेला. बँक कर्ज द्यायला तयार. पण गटानं वर्षानुवर्षं साठवलेली सगळी पुंजी सुरुवातीलाच घालावी लागणार होती, आणि लवकर हो म्हटलं नाही तर शेड मुंबईच्या व्यापाऱ्याला जाणार होती. तुम्ही धोंडू काढलात. पाऊस हटेना आणि धोंडूची मासळी कुजली. वीज गेली. व्यापाऱ्यानं माल घेतला नि पैसे बुडवले. त्या बायका येताना ओळीनं हसत आल्या होत्या, जाताना एकमेकींकडे न बघता जिना उतरल्या. हिराबाई तेवढ्या दारात थांबून म्हणाल्या, "नाना, इचार करतंव आमी." तो आवाज मला सहन होईना.

त्या गेल्या आणि मी तुमच्यावर तुटून पडले. "नाना, इतक्या वर्षांत धोंडूचं एकदा तरी भलं का नाही झालं?" तुम्ही म्हणालात, "भलं व्हायला सल्लागार लागत नाही." मी म्हटलं, "तुम्ही माणसांना सावध करता करता घाबरवून सोडलंत. त्या लॉजवाल्याला दोन खोल्या वाढवायच्या होत्या, तुमच्या धोंडूमुळे राहिल्या. शेजाऱ्यानं बांधल्या, आज त्याच्याकडे गाड्या उभ्या करायला जागा नाही." तुम्ही म्हणालात, "आणि पर्यटक आलेच नाहीत त्या साली कोण झोपला होता शांत आणि कोण येरझाऱ्या घालत होता?" तेही खरंच होतं. म्हणून तर मला जास्त राग आला. मी म्हटलं, "ह्या बायका काय जन्मभर टोपलीच घेऊन बसणार? तुम्ही म्हातारे झालात, नाना. तुम्हाला आता सगळीकडे खड्डेच दिसतात." तुम्ही चष्मा पुसलात. म्हणालात, "खड्डे असतात गं. सोमवारी बोलू." आणि छत्री घेऊन गेलात.

मी बोलले ते बोलले. मागे घेत नाही. आपलं नातं असलं नव्हतंच की एक गेला म्हणून दुसऱ्यानं शब्द मागे घ्यावेत. पण तुम्ही सोमवारी उत्तर घेऊन आला असतात, ते मला ऐकायचं होतं, हे मात्र अगदी खरं.

तुमचं बारावं-तेरावं झालं आणि हिराबाईंचा निरोप आला. शेडवाला थांबायला तयार नाही, आम्ही बायका उद्या येतो. नाना, दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळलं की आजवर मी जे ठणकावून बोलत होते, ते तुम्ही समोर होता म्हणून. मी 'हो' म्हणायची ते तुम्ही 'नाही' म्हणणार ह्या भरवशावर. आता माझं 'हो' म्हणजे हो. त्या बाराजणींची सगळी पुंजी त्या एका शब्दावर. तुमच्या खुर्चीत बसून पाहिलं, तर ती एका बाजूला कलते. एवढी वर्षं कसे बसलात देव जाणे. परत माझ्या स्टुलावर जाऊन बसले.

त्या आल्या. बसल्या. मी म्हटलं, "हिराबाई, माझं मत तुम्हाला ठाऊक आहे." त्या म्हणाल्या, "ताय, मत नंतर. आदी धोंडूचा सांगा. आणि नानांसारखा सांगा, गोड करून न्हाय."

मग मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. तुमच्याइतकं रंगवता येत नाही, पण निष्ठुरपणात कमी पडले नाही. म्हटलं, धोंडूनं शेड घेतली आणि पावसानं मुक्काम ठोकला, मासळी वाळेना. मागून एकजण म्हणाली, "मग माज्या माळ्यावर पसरू, खाली चूल हायेच." दुसरी म्हणाली, "तुजा माळा केवडासा, अर्दी माज्याकडं." म्हटलं, व्यापाऱ्यानं पैसे बुडवले. "त्याच्या दारात जाऊन बसू आमी बाराजणी. बघू कसा देत न्हाय!" असा हशा झाला की खाली बेकरीत ऐकू गेला असेल. म्हटलं, धोंडू आजारी पडला, काम थांबलं. ह्यावर तर कोणाला कळेचना की ह्यात संकट कुठलं. "एक पडली तर अकराजणी हाव ना?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाना, तुमचा धोंडू कायम एकटा! त्याला बायको दिलीत ती रडायला, भाऊ दिलात तो बुडवायला, भागीदार दिलात तो पळायला. त्याच्या मदतीला तुम्ही कधी कोणाला येऊच दिलं नाहीत. एकट्या माणसाची गोष्ट तुम्ही बाराजणींना सांगत होता. शनिवारी मला हे सुचलं असतं तर! तुम्हाला मी असं काही धरलं असतं!

पण थांबा. एका प्रश्नाशी त्या अडल्या. मी विचारलं, "पहिल्या वर्षी धोंडूचं पाकीट कोणी घेतलंच नाही, आणि साठवलेलं सगळं शेडीत गेलेलं. मग?" हिराबाईंनी बांगड्या मागेपुढे केल्या. म्हणाल्या, "मग पोरांच्या तोंडाकडं बघायला जागा न्हाय." बाकीच्यांनी खाली बघितलं. तिथे तुम्ही बरोबर होतात. तंतोतंत बरोबर.

म्हणून मी ना तुमचं ऐकलं, ना माझं. म्हटलं, शेड विकत घेऊ नका, अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं घ्या. कर्ज फक्त वाळवणीच्या यंत्रापुरतं आणि पाकिटं बंद करायच्या मशीनपुरतं. साठवलेल्यातलं निम्मं बँकेतून हलवायचं नाही, घरात लग्न निघो नाहीतर मयत होवो. एक मोसम विकून दाखवा, मग शेडीचं बोलू. "मालक भाड्यानं देईल?" मी विचारलं. हिराबाई उठल्याच. "त्याची आय माज्याकडनं बोंबील नेतंय लगीन होऊन आल्यापासून. तिला सांगतंव." आणि खरंच, दोन दिवसांत करार झाला. मालकाची आई साक्षीदार म्हणून सहीला आली होती आणि मालक तिच्यामागे मान खाली घालून उभा होता.

परवा पहिली पाकिटं आली. एक माईंना दिलं, एक मी नेलं. सोडे उत्तम आहेत, वाळू अजिबात लागत नाही. ह्यांनी दोनदा भात घेतला. बायका इतक्या खूश आहेत की मला कोळीवाड्यात गेलं की चहा नको म्हणायची चोरी झाली आहे.

सगळे मला म्हणतात, सुलभाताई, आज नाना असते तर त्यांनी मान डोलावली असती. काही नाही हो! मी तुम्हाला ओळखत नाही का? तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असतात आणि म्हणाला असतात, "एकटा नव्हता म्हणतेस ना? बरं. मग त्या बाराजणींचं आपसात फाटलं तर?" हा प्रश्न मला काल भांडी घासताना सुचला आणि अंगावर काटा आला, कारण तो अगदी तुमच्या आवाजात सुचला. मी हात पुसून हिराबाईंना फोन लावला. विचारलं. त्या म्हणाल्या, "ताय, ह्याचा इचार केला न्हवता आमी." ह्या शुक्रवारी त्या सगळ्या येतायत. कोणी गट सोडला तर तिचे पैसे कसे परत द्यायचे, कोणाचा शब्द शेवटचा, हे आत्ताच, गोडीत असताना ठरवायचं आहे.

म्हणजे पुन्हा तुमचंच खरं झालं. थोडं माझंही झालं. शनिवारचं आपलं भांडण ऐकलेले ऑफिसातले सगळे म्हणतात, ताई, शेवटी तुम्ही जिंकलात. मी हसते. त्यांना काय सांगू, नाना? मला हे भांडण जिंकायचं नव्हतं हो. चालू ठेवायचं होतं.